जहांगीरभाईंचा पहिला प्रश्न

जळगावच्या आमच्या स्कॅन सेंटरचा सर्व्हर जहांगीरभाई सांभाळतात. आधी रेडिओ दुरुस्त करायचे. लिनक्स शिकले ते पन्नाशीला टेकल्यावर. बिघाड झाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोणी हात लावला होता का?" मशीनच्या आधी माणसाला विचारायचं, ही त्यांची रीत. आम्ही त्यांना पाठीमागे 'चौकशी अधिकारी' म्हणायचो.

मी दोंडाईचाच्या शाखेत स्कॅन काढतो. मार्चमधल्या एका दुपारी उखर्डूभाऊ आपल्या आईला, बेबाबाईंना, घेऊन आले. त्या ओट्यावरून पडल्या होत्या, जीभ जड झाली होती. चित्रं जळगावच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय धुळ्याला ऑपरेशनला हलवायचं की नाही, ते ठरेना. आणि सर्व्हर नेमका आमची डिजिटल किल्ली नाकारत होता. लॉगिनच नाही, तर फाइल कुठून जाणार? मोबाइलवर काढलेल्या फोटोंवर डॉक्टर निदान करायला तयार नव्हते.

जहांगीरभाईंनी फोनवर विचारलं, "योगेंद्र, कोणी हात लावला होता का?"

"नाही, भाई."

धडधडीत खोटं. जुन्या फाइली कोणालाही उघडता याव्यात म्हणून त्याच सकाळी मी सर्व्हरवरचं आमच्या खात्याचं फोल्डर सगळ्यांना खुलं केलं होतं. त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलं नाही, आणि बोलणी खायची नव्हती.

त्यांनी माझा शब्द खरा मानला. नेट तपासलं, फायरवॉल तपासली, लॉगिनची सेवा बंद करून चालू केली, डिस्क पाहिली. इकडे उखर्डूभाऊ सारखे दारात येऊन विचारत, "भाऊ, फोटू गयात का?" मी नकारार्थी मान हलवायचो. चाळीस मिनिटांनी भाईंनी लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोणी कधी काय केलं त्याची नोंद, उघडला, तेव्हा कारण दिसलं: ज्या खात्याच्या फोल्डरचं दार सताड उघडं, त्याची किल्ली हा सर्व्हर मानतच नाही. त्यांनी परवानग्या पूर्ववत केल्या. चित्रं गेली, गाडी धुळ्याला निघाली.

बेबाबाई वाचल्या, पण उजवा हात कायमचा गेला. चाळीस मिनिटांनी फरक पडला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला ते अजून खातं.

आठवड्याने जळगावला जाऊन मी सगळं कबूल केलं. शिव्या खायची तयारी होती.

"तुझं नाव मला त्याच दिवशी दिसलं होतं," भाई म्हणाले आणि बिघाडांची वही पुढे सरकवली. त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं होतं: 'चूक माझी. लॉग आधी पाहायला हवा होता.' खाली त्यांची सही.

आता बिघाड लवकर सापडतो. भाई थेट लॉग उघडतात. मला काही विचारत नाहीत.