मायच्या मोहावरचा सदोतीस नंबर

सेक्रेटरी साहेबाने बुटाने मायची टोपली उडवली. पहाटेपासून वेचलेली मोहफुलं मातीत पसरली. तो त्यांच्यावरून चालला. मुद्दाम. एकेक पाऊल दाबून.

"दारूचा माल," तो म्हणाला. "लाज नाही या बायांना."

माय खाली बसून फुलं गोळा करू लागली. "साहेब, खायची वस्तू हाय. पाय नोका देऊ."

मी चार पावलांवर उभा होतो. हातात लाल रंगाचा डबा. मी साहेबाचा माणूस होतो.

बांगलादेशच्या लढाईनंतरचा उन्हाळा. शहराबाहेर, बेसा गावाच्या अलीकडे तेव्हा जंगल होतं. साग, तेंदू, पळस आणि जुने मोह. आमची बस्ती त्याच्या काठाला. बायांमध्ये मोह वाटलेले होते. कागद नव्हता. फाल्गुनात जी बाई झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची, त्या झाडाची फुलं तिची. दुसरी तिथे वाकायची नाही. फुलं वाळवून ठेवायची आणि पावसाळ्यात घरात दाणा नसला की तीच शिजवायची. मी बी.ए. झालो तो ती फुलं खाऊन. घराण्यातला पहिला. हे मी छाती काढून सांगतो.

त्या जागेवर शहरातल्या मोठ्या नोकरदारांची हाउसिंग सोसायटी येणार, अशी नुसती कुणकुण होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने मला घरी बोलावलं. खुर्ची दिली. "तुम्ही" म्हणाला. तोवर तसल्या घरात मला कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. "झाडांवर नंबर टाका, नाव आणि घेर लिहून आणा," एवढंच काम. काहून, म्हणून मी विचारलं नाही. खुर्चीने माझं तोंड बंद केलं.

आमच्या लोकांना एकच ठाऊक होतं. जंगलखात्याच्या नंबरवाल्या सागाला हात लावला की मार आणि जेल. म्हणजे नंबरवालं झाड सरकारचं, ते कोणी तोडत नाही. पदवी घेऊन मीही तेच समजलो. बस्तीत सांगत फिरलो, "नंबर पडला की झाड वाचलं." बाया मला हाताला धरून आपापल्या मोहाजवळ नेऊ लागल्या. "माह्याले टाक गा, बाप्पा. मोठा टाक. त्या सटवीच्या झाडापेक्षा मोठा." मायच्या मोहावर मी सदोतीस टाकला. तिने शेजारणींना बोलावून दाखवला.

आणि त्या सकाळी सेक्रेटरीसोबत ठेकेदाराची माणसं आली. कुऱ्हाडी घेऊन.

माय फुलं सोडून उठली. झाडाला पाठ लावून उभी राहिली. "याच्यावर नंबर हाय. माह्या पोरानं टाकला. हे तोडता येत नाही."

सेक्रेटरी पोट धरून हसला. मग माझ्याकडे वळला. "काय रे बी.ए., आईला सांगितलं नाहीस? तोडायचं म्हणूनच नंबर टाकला." "तुम्ही" गेलं होतं. "कितीही शिकवा यांना! ओढ तिला बाजूला."

मी हललो नाही.

ठेकेदाराच्या माणसाने कुऱ्हाडीचा दांडा मायच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मायने दुसऱ्या हाताने झाड धरलं.

मी डबा सेक्रेटरीच्या तोंडावर मारला. कपाळ फुटलं. रंग कोणता, रक्त कोणतं, कळेना. मग त्या सगळ्यांनी मला पाडलं. पोटात लाथा. तोंडावर लाथा. दोन दात मी मोहफुलांतच थुंकले. पडल्या पडल्या पाहिलं, त्यांनी मायला फरफटत नेलं आणि सदोतीस नंबर पाडला. फुलांनी लदलेला.

मग मलाच पोलीस चौकीत नेलं. जमादाराने विचारलं, "शिक्षण?"

"बी.ए."

"मंग तर दोन जास्त खाय." त्याने पट्टा काढला.

संध्याकाळी सेक्रेटरी आला. डोक्याला पट्टी. हातात लिहून आणलेला माफीनामा. बस्तीवाले चोरून झाडं तोडतात, बाया जंगलाला आगी लावतात, असं मी कबूल करायचं. आमची पाचोळा जाळायची रीत त्याने आग लावणं करून टाकली होती. "सही कर. ऑफिसात क्लार्क ठेवतो. आईचा हातही नीट करून देतो."

मी कागद पूर्ण वाचला. मग फाडला. त्याच्या अंगावर फेकला. पुन्हा पट्टा.

सुटून आलो तर बाया वाटेतच उभ्या. मी सांगितलं, "माह्यी चूक झाली. ते नंबर तोडासाठीच होते. माह्या हातानं टाकले."

शेजारच्या काकूने सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. "बीए झाला का बैताड झाला रे तू, येड्या?" मी गाल मागे घेतला नाही. मग तिनेच पदर खोचला. "चाल आता. उभा कायले हायेस?"

तेव्हापासून प्रत्येक बाई आपापल्या मोहाखाली बसली. दगड, विळे, भिवापुरी तिखटाच्या पुड्या घेऊन. आमची डोकी फुटली. त्यांचीही फुटली.

अर्धं जंगल गेलं. तिथे बंगले आहेत. अर्धं उभं आहे, ते कोणाच्या दयेने नाही.

आता त्या अर्ध्यावर दुसरी सोसायटी येऊन राहिली. परवा मोजणीवाले येणार. मोजणी थांबवायचा अर्ज मी लिहिला आहे. कोर्टात मी उभा राहीन. पण बस्तीतल्या पोरांना हेही सांगून ठेवलं आहे: पहिल्याच झाडाजवळ अडवायचं. कुऱ्हाड घेऊन आत शिरला, तो आपल्या पायांनी बाहेर गेला नाही पाहिजे. जेलात मी जाईन.