औषध नाही जी, गिफ्ट हाय!

१२ मे. सकाळपासून ऊन. कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं.

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मी दर शनिवारी फेकतो. किस्से मात्र वहीत उतरतात, आणि वह्या आता अकरा झाल्या! खामगावात मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी कंपाउंडर आहे. पेशंट आत जाण्याआधी कार्ड भरायचं काम माझं. इथे नावं बदलली आहेत, सवयी त्याच आहेत.

त्या दिवशी शोभाताई आल्या. ब्लाऊज शिवतात. मागे वर्षभर उदासीने अंथरूण धरलं होतं. मॅडमच्या गोळीने पुन्हा मशीनवर बसल्या. आता पंधरवड्यापासून हात थरथरत होते, घाम फुटत होता, एका जागी बसवत नव्हतं.

"भाऊ, चोवीस तारखेले पोरीचं लगन हाय. तिचा ब्लाऊज मीच शिवणार. अन् सुईत दोराच जाऊन नाही राह्यला! गोळी बदलावी लागन का? ही गोळी गेली तं मी पुन्हा आडवी!"

मी बीपी मोजून आत चिठ्ठी पाठवली. निरोप आला, हा पेशंट झाला की लगेच त्यांना पाठवा. तोवर कार्डावरचा प्रश्न वाचला, "या गोळीशिवाय औषध, पावडर, काढा, सरबत, घरच्यांनी दिलेलं, असं काही चालू आहे का?"

"काहीच नाही जी. पण भाऊ, यादी लयच लांबली तुमची!"

"एकेका शब्दामागे एकेक पेशंट आहे, ताई," मी म्हणालो आणि सांगायला लागलो.

*

पूर्वी कार्डावर एवढंच होतं: दुसरं काही औषध? जळगाव जामोदचे एक पाटील म्हणाले, "नाही." शेजारून पाटलीणबाईंनी कोपर मारलं. "मंग रोज सकाळी चमचाभर फाकता ते काय?"

"ते औषध हाय का? ते तं पावडर हाय!"

मी कार्डावर ‘पावडर’ वाढवलं. पुढच्या महिन्यात पाटील हजर. "पावडर बंद केली. आता काढा घेऊन राह्यलो. तुमच्या कार्डावर काढा नव्हता!"

*

एका गुरुजींनी औषध, पावडर, काढा, तिन्हींना "नाही" म्हटलं. उठताना पिशवीत बाटली वाजली.

"हे सरबत हाय. जडीबुटीचं. डोकं शांत राह्यते."

मॅडम लेबल वाचत होत्या, तर गुरुजी म्हणतात, "घ्या ना दोन घोट. तुम्ही बी थकल्यासारख्या दिसून राह्यल्या!"

बाटली परत देताना मॅडमनी तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, अशी वहीत नोंद आहे.

*

एक बँकेतले साहेब दुपारी खुर्चीतच झोपायचे. गोळी जड जाते म्हणून आले. दुसरं काहीच घेत नव्हते, शपथेवर! मॅडमनी बायकोला आत बोलावलं. ती निवांतपणे म्हणाली, "अश्वगंधा घालते कणकेत. दोन वेळच्या. यांचा राग शांत राहावा म्हणून."

"आधी काऊन नाही सांगितलं?" साहेब ओरडले.

"भाऊंनी विचारलं, ‘तुम्ही काय घेता?’ मी काय देते, ते कोणी विचारलं?"

*

हसायचं किती? मी स्वतः दोन वर्षं मॅडमचीच गोळी घेतो. एकदा फाइल लावताना माझंच कार्ड हाती लागलं. काढा: नाही. माझ्याच अक्षरात! गुडघ्यांसाठीचा काढा रोज सकाळी बायको देत होती. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कार्ड कोणी भरलं?"

*

शोभाताईंनी हसून हसून तोंडाला पदर लावला. "लोकं बी कसे असतात भाऊ! डॉक्टरपासून लपवते का कोणी?"

घड्याळात अकरा वाजले. त्यांनी पर्समधून डबी काढली आणि थरथरत्या हाताने एक कॅप्सूल तोंडाकडे नेली.

"ताई, थांबा! हे काय?"

डबीवर पिवळी फुलं होती आणि खाली ‘आनंदी मन’ असं छापलेलं.

"हे? हे औषध नाही जी. हे तं गिफ्ट हाय! पोरीनं पुण्याहून पाठवलं, वाढदिवसाले. पंधरा दिवस झाले, रोज घेतो."

मी डबी घेऊन आत गेलो. मॅडमनी मागची बारीक अक्षरं वाचली. "यात या पिवळ्या फुलाचा अर्क आहे. त्याचं आणि आपल्या गोळीचं जमत नाही, म्हणून ही थरथर आणि घाम. त्यांना आत आणा, आत्ता."

कॅप्सूल बंद. दिवसभर त्यांना दवाखान्यात ठेवून नाडी, ताप, बीपी पाहिला. गोळी मॅडमनी आपल्या देखरेखीखाली दोन दिवस थांबवून परत सुरू केली.

२२ मे. ढगाळ, वारा. शोभाताई दाखवायला आल्या. हात स्थिर. गोळी तीच. दोरा पहिल्या खेपेला गेला. ब्लाऊज पूर्ण: हिरवा, सहा हुक. कार्डावर एक शब्द वाढला: गिफ्ट.