गाय न्यायला आलेले चाचा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते.

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला हातभर पाणी उरलं होतं आणि गाय गाभण होती. पाणी पुरावं म्हणून मी दिवसाला दोनच बादल्या शेंदायची, विहिरीवर बोरीच्या काट्या टाकून ठेवायची. विहिरीजवळ जनावरांसाठी दगडी हाळ आहे, दुसऱ्याची जनावरं त्यावर प्यायला आली तर हाकलायची. एकादशीला नरसीला जाऊन देवापुढं मात्र पाणीच मागायची. तरी पाणी उतरतच गेलं. देव माझं ऐकत नाही, असं वाटायला लागलं. शेवटी आमच्या मालकांनी, म्हणजे घरधन्यांनी, गाय विकायची ठरवली. वारंगा फाट्याच्या जनावरांच्या एका बेपारी चाचांकडून तीन हजार इसार म्हणून आगाऊ घेतला आणि त्या पैशांचा कडबा आणला.

चाचा भर दुपारी गाय न्यायला आले. सोबत त्यांचे दोन बैल होते, तहानेनं जिभा बाहेर आलेल्या.

"बाई, जनावरांना घोटभर पाणी भेटंल का?"

मला नाही म्हणता येईना. काट्या बाजूला केल्या आणि शेंदत गेले. पाचव्या बादलीत नुसता गाळ आला. मी तिथंच रडायला लागले. चाचांनी गाळ हातात घेऊन पाहिला.

"विहीर कवा उपसली होती?"

"उपसतच न्हाई. जपून राहिले."

"काहून? झरा दबला की गाळाखाली! उपसल्याबिगर मोकळा कसा होईल?"

चप्पल काढून ते विहिरीत उतरायला लागले. मालक म्हणाले, "चाचा, गाय न्यायला आले का विहीर?"

"अगूदर खाली या, मंग सांगतो!"

दोघांनी घमेल्यांनी गाळ काढला. दिवस कलताना कपारीतून पाणी फुटलं, बघता बघता गुडघाभर झालं. गाय पोटभर प्याली. मग चाचांनी सोबत आणलेलं नवं दावं तिच्या गळ्यात बांधलं. पण दाव्याचं दुसरं टोक त्यांनी माझ्याच हातात दिलं.

"पाणी हाय तर गाय काहून विकता? इसार सावकाश द्या."

देवाकडं पाणी मागत होते आणि त्याची वाट मीच बुजवून बसले होते. आता विहिरीवर काट्या नसतात. हाळ रोज भरते, कुणाचंही जनावर पिऊन जातं. पाणी किती उरलं हे वाकून बघत नाही. ते देव बघतो.

गाय व्याल्यावर दूध विकून थोडे थोडे पैसे फेडले. काल फाट्यावर शेवटचे पाचशे दिले. चाचांनी न मोजताच खिशात घातले आणि विचारलं, "वासरू बराबर पाणी पितं ना?" मला "व्हय" एवढंच बोलता आलं. इसार पुरा फिटला.