नंदीच्या कपाळापर्यंत उजेड

अंबिकाचा हट्ट आणि माझी अक्कल यांचं आजवर कधी जमलेलं नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात तिच्या कमरेला बांधलेला दोर धरून मी उदगीरजवळच्या एका बारवेच्या पायरीवर उभी होते. मी शाळेत गणित शिकवते. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते.

"म्हणूनच तुला आणलं, मृण्मयी," ती म्हणाली. "भिणारं माणूस दोर सोडत न्हाई."

अंबिका माझी मैत्रीण, मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजारापाशी, फोटो स्टुडिओ चालवते. लग्नं, बारशी, पासपोर्ट. स्टुडिओ मूळचा तिच्या वडिलांचा, गुरुबसप्पांचा. सगळा बाजार त्यांना अप्पा म्हणतो, मीही. अप्पांना काचबिंदू झाला. कडेचं दिसायचं बंद झालं, मधलं तेवढं राहिलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की उरलेलीही नजर हळूहळू जाईल आणि गेलेली परत येणार नाही. घरी आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "बारवेतला नंदी एकदा बघायचा राह्यला."

हा नंदी म्हणजे बाजाराची जुनी चेष्टा. अप्पा लहान असताना त्यांच्या गावच्या बारवेतला गाळ काढला होता. तेव्हा तळाजवळच्या कोनाड्यात दगडी नंदी दिसला आणि अप्पांच्या अव्वानं, म्हणजे आईनं, खाली उतरून त्याच्या कपाळाला विभूती लावली. पुढं शेजारी पाझर तलाव झाला आणि बारवेचं पाणी उतरायचंच थांबलं. नंदी बघितलेली माणसं एकेक करून गेली. उरले एकटे अप्पा आणि त्यांना हसणारे पुष्कळ. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल?" असं चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडावर म्हणायचे. अप्पा बिचारे चहा संपवून उठायचे. मला त्या लोकांचा फार राग यायचा.

अंबिकानं ठरवलं, अप्पांची नजर जायच्या आत त्यांना नंदी दाखवायचा. तिला त्याच बारवेत पाठीला भोपळा बांधून अप्पांनी पोहायला शिकवलं होतं. कोनाडा दोन पुरुष खोल, दम धरून बुडी मारली की पोचता येतं. तिनं छोटा कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून नेला. हाताला शेवाळलेला दगड लागला, पण फोटोत आले नुसते पांढरे ठिपके. कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. तो आधी पाण्यातल्या कचऱ्यावर पडतो, नंदी मागे अंधारातच राहतो.

"उजेड बाजूनं पायजे," ती म्हणाली आणि हात धुऊन स्ट्रोबच्या मागे लागली. स्ट्रोब म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश, कॅमेऱ्यापासून लांब दांडीवर बसवायचा. त्यातही दोन जाती. एकाला विजेची वायर लागते आणि त्यासाठी कॅमेऱ्याच्या डब्याला तशी जागा हवी. हिच्या डब्याला नव्हती. भोक पाडून घे, असं मी सुचवलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की भोकाचा विषय तिथंच संपला. दुसरी जात प्रकाशाच्या केबलची. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चमकला की ती चमक केबलमधून स्ट्रोबला कळते आणि तो पेटतो. डब्यात कुठं शिरायची गरजच नाही. तिनं हीच घेतली आणि छोट्या फ्लॅशचा उजेड बाहेर सांडू नये म्हणून डब्याच्या काचेवर केबलचं टोक बसवून भोवती काळी टेप लावली.

मग सराव. पाण्याच्या टाकीत वरवंटा उभा केला, तोच नंदी. फोटो काळाच येई. कॅमेरा खऱ्या फोटोआधी एकदा उगाच चमकायचा, स्ट्रोब त्यालाच फसून आधी पेटायचा. ती पहिली चमक बंद केल्यावर वरवंटा असा झळकला की पुरण वाटायला काढलाय असं वाटावं.

बारवेवर मात्र पहिल्याच बुडीत स्ट्रोब मेला. वर येऊन तिनं सेलचं झाकण उघडलं. आत पाणी आणि झाकणाच्या रबरी कडीवर राखेचा चिखल. अप्पा पायरीवरच बसले होते. त्यांच्याकडं न बघताच तिला कळलं.

त्यांच्या घरात कुठलीही नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय कामाला लावत नाहीत. स्कूटर, प्रिंटर, कॅमेरे, सगळ्यांना अप्पांची तीन बोटं लागलेली. सकाळी झाकण उघडं होतं आणि बोटं चाचपत नेमकी कडीवर गेली. तिथं एक केस अडकला तरी पाणी आत येतं, ही तर राख.

"अप्पा, कशाला हात लावलात?" ती इतक्या जोरात ओरडली की बारव घुमली. अप्पांनी दोन्ही हात धोतरात लपवले. मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिची कीवही आली.

घरी जाताना ती रडली नाही. म्हणाली, "पुन्हा मागवते." तसलाच स्ट्रोब आला. टाकी, वरवंटा, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला तिनं कडी पुसली, वंगण लावलं, झाकण घट्ट फिरवलं आणि विभूतीची गोळी अप्पांपुढे धरली. "लावा."

"न्हाई. माझा हात नको त्याला."

"तुमच्या हाताबिगर मी पाण्यात उतरत न्हाई." तिनं त्यांचं मनगट धरलं, ओली बोटं गोळीवर घासली आणि बंद झाकणावर टेकवली.

ती बुडाली. दोर माझ्या हातातून सरकत गेला आणि थांबला. मला येत असलेली सगळी स्तोत्रं मी म्हणून टाकली. खालच्या हिरव्या पाण्यात एकदा उजेड झाला, मग परत झाला. वर आली तेव्हा धापा टाकत नुसती होकारार्थी मान हलवत होती.

स्टुडिओतल्या सगळ्यात मोठ्या कागदावर तिनं फोटो छापला आणि भिंतीला लावला. एक शिंग मोडलेलं, गळ्यात घंटेची माळ. टपरीवरची मंडळी दारात येऊन माना उंचावून बघत होती. अप्पांनी नाक कागदाला टेकेपर्यंत जवळ जाऊन कणाकणानं नंदी बघितला.

"अव्वानं हितं लावली होती," ते म्हणाले. खिशातली विभूती काढली आणि तीन बोटं ओढली. नेमकी कपाळावर.

अंबिकानं त्याच वेळी फ्रेमवाल्याला फोन केला आणि काच बसवू नको म्हणून सांगितलं.

"अगं, रोज लावतील," मी हळूच म्हटलं. "फोटो खराब होईल."

"होऊ दे. पुढं त्यांना हातानंच बघायचंय," ती म्हणाली. "खराब झाला की दुसरा छापीन."