गालाला कळणारी ओल

सकाळी कोणाकडे डोकावलं तर माणसं दात घासताना दिसतात. आमची आत्या मात्र खुराड्यातला मूठभर पेंढा गालाला लावून, डोळे मिटून उभी असायची. बदकांनी रात्रभर अंगाखाली घेतलेला पेंढा! मी लग्न होऊन खेडजवळच्या या वाडीत आले आणि हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला शिसारीच आली. नात्याने ती शेजारीण. पण अख्खी वाडी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही.

"थंडीत बोटं मेलेली असतात गो बाय," ती म्हणायची. "त्यांना ओल कळत नाय. गालाला कळते."

कोकणात कसली थंडी, असं म्हणणाऱ्यांनी पौषात आमच्या पऱ्यावर येऊन बघावं. आत्याची अकरा बदकं त्या ओढ्याच्या गार पाण्यात खुशाल पोहायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिची काळजी वेगळीच. ऊन आहे तोवर त्यांना पाण्याबाहेर काढायचं, पिसं सुकली की मगच खुराड्यात घ्यायचं. एकदा मी मायेने खुराड्याची वरची फट गोणपाटाने बुजवली, तर अंगावर धावून आली. "कोंडून मारतेस काय त्यांना? थंडी सोसतात ती. कोंडलेली वाफ नाय सोसत."

बोलायला अशी फटकळ. "तुझ्या सुनेच्या आधी माझी बदकं उठतात," असं माझ्या सासूला तोंडावर सांगून मोकळी! खरंच होतं ते. पण मला टायफॉइड झाला, तेव्हा बरी होईपर्यंत हीच रोज पेज घेऊन यायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायची नाही.

गेल्या वर्षी तिचे गुडघे पार गेले. भातकापणी झाल्यावर मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला, सातव्या मजल्यावर. हिवाळ्याचा पेंढा तिने जाण्याआधीच भरून ठेवला होता. बदकं माझ्या पदरात टाकली. रडलीबिडली नाही, गाडीत बसेपर्यंत सूचना चालू होत्या.

मग रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल. "पाय दाखव. चोच दाखव. गाल लावलास काय?" मला शाळा गाठायची घाई, अंगावर इस्त्रीची साडी. मी नुसता वरवर हात फिरवायचे. "लावला हो आत्या, कोरडा ठणठणीत आहे." रोज हेच सांगितलं. एकदाही लावला नाही.

त्या साली कापणीत पाऊस पडला होता. पेंढा वरून सुकलेला आणि आतून दमट राहिला. पौषात एक बदक चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागलं. चार दिवसांत आणखी तीन. गुरांच्या डॉक्टरांनी पेंढ्याचा थर उचलला, तर खाली राखाडी बुरशी. "फुफ्फुसात गेलीय, बाई. आता यावर काही करता येत नाही." मी सगळा पेंढा जाळला, शाळेत रजा टाकली, त्यांच्याजवळ बसून राहिले. मान ताणून ताणून ती हवा ओढायची आणि मी बघत बसायचे. आठवड्याभरात नऊ गेली. कॉलवर मी आधी धडधाकट तेवढी आणि मग उरलेली दोनच आलटून पालटून दाखवत होते.

"बाकीची कुठं हायत?" दोनच दिसायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच.

मी सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालील. देवा, घालायला हव्या होत्या.

"गाल रोज लावलास ना?"

"हो."

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "पेंढा मीच भरला होता. माझ्या गालालापण आता कळत नाय."

मी काही बोलणार, तोवर मुलाने "पुरे आता, आई" म्हणत फोन बंद केला. त्यानंतर तिने बदकं दाखव म्हटलं नाही. मी खरं सांगायचं ठरवून फोन करायचे, तर म्हणायची, "मला काय विचारतेस गो, मला काय कळतंय?" आणि फोन मुलाकडे द्यायची. मग मी त्याला तिच्या गुडघ्यांचं विचारून फोन ठेवायचे.

चैत्रात ती गेली. मी मुंबईला तिच्या मुलाला भेटायला गेले, तर त्याने माझे हात धरले. "वहिनी, शेवटपर्यंत म्हणत होती हो, त्या पोरीने जिवाचं रान केलं, माझ्याच चुकीने गेली बदकं."

मी "हं" म्हटलं आणि पुढ्यात आलेला चहा प्यायले.