सापडलं नाही, तरी आकडा

“तुमच्याच कागदावर ‘सापडलं नाय’ लिवलंय साहेब. मग या दुसऱ्या कागदावर आकडा कुठनं आला?”

किसनराव शहापूरच्या आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये दोन कागद घेऊन उभे होते. मुरबाडजवळ त्यांचं प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप. नळांना निकेल-क्रोमियमचा मुलामा द्यायचं काम. गावच्या विहिरींत हे दोन्ही धातू एकत्र वाढतात, म्हणजे सांडपाणी प्लेटिंगचंच, असा माझा रिपोर्ट होता. त्यावरून वर्कशॉपला टाळं लागलं होतं.

दुसरा कागद म्हणजे माझी एक्सेल शीट. मला वेगळाच संशय आला.

“ही कोणी दिली?”

“नोटिशीला जोडलेली. चोरली नाय.”

मी समजावलं. मशीनला एका मर्यादेखालचं मोजता येत नाही. तिथे आम्ही ‘बीडीएल’, म्हणजे ‘सापडलं नाही’, लिहितो. पण एक्सेल अक्षरांवर गणित करत नाही, म्हणून त्या जागी मर्यादेचा अर्धा आकडा भरतो.

“अर्धाच का? पाव का नाय?”

“पद्धत आहे.”

“मुलामा बसला नाय तर अर्धा बसला म्हणून गिऱ्हाइकाला देऊ काय आमी?”

ते गेले. शीटवर त्यांनी पेन्सिलीने गोल केले होते. वीसपैकी तेरा विहिरी बीडीएल. नमुने दोन खेपांत घेतले होते. पहिल्या खेपेच्या बीडीएल विहिरींना सगळीकडे एकच आकडा, दुसऱ्या खेपेच्यांना त्याचा दहावा हिस्सा. मधल्या काळात लॅबमध्ये नवं मशीन आलं होतं. त्याची मर्यादा खूप खाली. त्यामुळे जुन्या खेपेत दोन्ही धातूंचे आकडे मोठे, नव्या खेपेत दोन्हींचे लहान. ग्राफवर दोन ढीग, आणि त्यांना जोडणारी झकास रेघ. ते नातं निकेल-क्रोमियमचं नव्हतं, माझ्या दोन मशीनचं होतं.

ते दोन ढीग मी आधीही पाहिले होते. तपासले नाहीत. विहिरींचे नमुने घ्यायला गेलो तेव्हा वर्कशॉपमागे निकेलच्या द्रावणासारखं हिरवट पाणी दिसलं होतं. निकाल मी तिथेच लावून आलो होतो.

हेड मॅडमना सांगितलं.

“रिपोर्ट मागे घेतला तर लॅबचं नाव जाईल.”

“आणि ठेवला तर?”

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “पत्र लिहा. सही तुमची.”

भरलेले आकडे काढून पुन्हा हिशेब केला. दोन-दोन विहिरींच्या जोड्या लावल्या. कुठल्या विहिरीत जास्त, हे दोन्ही धातूंबाबत खात्रीने सांगता येईल तेवढ्याच जोड्या धरल्या. निम्म्या जोड्यांत दोन्ही धातू एकत्र वाढत होते, निम्म्यांत उलट. संबंध दिसेना.

टाळं चार महिन्यांनी निघालं. तोवर किसनरावांचे दोन जुने कारागीर भिवंडीला निघून गेले होते. मी माफी मागायला गेलो.

“म्हणजे माझं पानी साफ, असं लिवलंत?”

“नाही. विहिरींशी संबंध दिसत नाही, एवढंच.”

“संशय हायेच म्हणा की!”

“आहे.”

ते मला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. “मग भरा बाटली. तेवा नुसतं बघून गेलात.”

भरली. निकेल सापडलं, परवानगीच्या आत. क्रोमियम बीडीएल. या वेळी शीटच्या त्या घरात मी आकडा भरला नाही.