आत्ता कसं वाटतंय?

आधीच सांगतो, हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. गाढवपणा सगळा माझाच आहे!

आमची मंडळी देवाघरी गेली, पोरगा बंगळूरला. घरात उरलो मी आणि फोन. तो तारेचा फोन, आणि तोही दिवसभर मुका! पेठेत सगळे दारावरून हाका मारत जातात हो, पण आत येऊन टेकायला वेळ कुणाला आहे?

अशात एका दवाखान्यानं म्हाताऱ्यांची पाहणी काढली. मागाहून विचारलं तर म्हातारी विसरतात, म्हणून दिवसात कधीही फोन करायचा आणि त्या घडीची तब्येत विचारायची. मीही नाव दिलं.

फोन आला. पोरीचा आवाज मोठा मायाळू.

"काका, आत्ता कसं वाटतंय?"

"काटा किर्र!" म्हणजे एकदम झकास. कोल्हापूरच्या माणसाला दुसरं उत्तर येतं होय?

"गुडघा दुखतोय?"

"आत्ता न्हाय."

"एकटं वाटतंय का?"

"आत्ता? न्हाय की!"

आता सांगा, यात खोटं काय? सकाळपासून फोनकडं बघत बसलेला माणूस, तो वाजल्यावर गुडघ्याची आठवण ठेवेल का?

रोज हेच चाललं. एक दिवस ती म्हणाली, "काका, सगळ्यांत ठणठणीत तुम्हीच! डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आता फोनची गरज नाही. उद्यापासून बंद."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"अवो ताई, थांबा! दुखतंय!"

"कुठं?"

नुसत्या गुडघ्यावर भागणार होतं का? म्हटलं, "छातीत!"

झालं! थोड्याच वेळात गल्लीत ॲम्ब्युलन्स, आणि तिच्यामागं अख्खी गल्ली माझ्या घरात. शेजारच्या कुसुमअक्कांनी थेट आत शिरून सगळ्यांना चहा टाकला. कुणी पाय चोळतंय, कुणी ओरडतंय, "पोराला कळवा की!" मी मधोमध खाटेवर, नवरदेवासारखा. किती दिवसांनी घर भरलं होतं!

गाडीतून आलेल्या पाहणीच्या डॉक्टरांनी छाती तपासली. कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, आत्ता कसं वाटतंय?"

तोंडातून निसटलंच, "काटा किर्र!"

कुसुमअक्का कडाडल्या, "मग आमचा जीव कशाला काढलासा वो?"

डॉक्टरांनी पाहणीतून माझं नावच उडवलं. म्हणे, ह्यांच्या उत्तराचा भरवसा नाही. गाडी गेली, गल्ली पांगली, राहिले चहाचे उष्टे कप. ते विसळताना गुडघा असा ठणकला म्हणता, आणि घर तर खायलाच उठलं!

आता मात्र अगदी खरं उत्तर तयार होतं. आणि विचारणारी पोरगी मीच घालवून बसलो होतो.